देवमनभाऊ आणि तोंडभर पाणी

तोंडात पाणी धरलेलं असलं की मी चांगला माणूस असतो, असं माझी बायको म्हणते. लग्नाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तिला हा उपाय ठाऊक नव्हता, त्याची तिला अजून हळहळ आहे. घरी पाहुणे यायचे असले की ती माझ्या हातात पेला देते आणि सांगते, "घ्या. अन् देवमनभाऊंची आठवण करा."

देवमनभाऊ वाशीमच्या वेशीबाहेर दीड एकरात वांगी, मेथी आणि सांबार लावत. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटे भाजी तोडून लुनावर लादायची, बाजारात नेऊन विकायची आणि नऊच्या आत घरी यायचं, हा त्यांचा रिवाज. पण त्याआधीची सगळी उमर त्यांनी विमानं दुरुस्त करण्यात घालवली होती. कुठे, किती वर्षं, असं विचारलं तर "लांब होतो" एवढंच सांगत. जणू विमानं ही वाशीमपासून लांब ठेवण्याचीच वस्तू होती.

ती आमच्या दातांच्या डॉक्टरांनी जवळ आणली. डॉक्टरांना तरुणपणापासून ग्लायडर उडवण्याचा नाद. कुठलातरी क्लब बंद पडत होता, तिथून त्यांनी दोन माणसं बसतील असं एक जुनं ग्लायडर उचलून आणलं आणि मेडशीजवळच्या एका सपाट माळावर आमचा क्लब निघाला. परवानग्यांची फाईल ग्लायडरपेक्षा जड होती, पण तीही आली. ग्लायडरला इंजिन नसतं. माळाच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या ट्रकचं इंजिन आणि त्यावर तारेचं मोठं रीळ बसवलं होतं. तार गुंडाळली की ग्लायडर पतंगासारखं वर चढे, वर गेल्यावर तार सोडून देई आणि मग घारींच्या घोळक्यात घारीसारखं फिरत राही. मालेगावकडे जाणाऱ्या एसटीतले अर्धे लोक खिडकीतून बाहेर येत. उरलेले अर्धे त्यांना आत ओढत.

एवढं मोठं धूड उभं करायला आमच्याकडे शेड नव्हती. त्यामुळे पंख आणि शेपूट सोडवून ते एका लांब ट्रॉलीत ठेवायचं आणि दर रविवारी माळावर आणून पुन्हा जोडायचं. आत वैमानिकापुढे एक दांडी असते. ती पुढेमागे केली की शेपटावरची आडवी फळी वर-खाली होते आणि विमान नाक खाली-वर करतं. डावी-उजवी केली की पंखांवरच्या फळ्या हलतात. दांडी आणि फळ्या यांच्यामध्ये पोटातून गेलेल्या लोखंडी सळया. सळईच्या टोकाला वाटी, फळीच्या बाजूला गोळी. वाटी गोळीवर बसवायची, कळ सरकवायची, कळीत पिन घालायची. डाव्या पंखाचा एक सांधा, उजव्याचा एक, शेपटाचा एक. नववीतलं पोरगंही करील असं काम. मी नववीला विज्ञान शिकवतो, म्हणून शेपूट मला दिलं होतं.

पहिल्याच रविवारी देवमनभाऊ लुनावरून उतरले. हँडलला पितळी गडू टांगलेला. डॉक्टर, मी आणि तिसरे आमचे पाटील, इंझोरीचे संत्र्याचे बागाईतदार. तिघांना त्यांनी ओळीत उभं केलं आणि गडू पुढे केला.

"घ्या. तोंड भरा. गिळाचं नाई."

आम्ही भरलं. आम्हाला वाटलं, तीर्थ असेल.

"आता जोडा. वाटी बसली, कळ सरकली, पिन गेली, दोनदा वढून पाह्यलं, का मंग तिथंच भुईवर थुका. त्याच्या आंधी थुकाचं नाई. कोनी काई पुसलं तरी बोलाचं नाई. बायको मेली असं कोनी सांगत आलं तरी आंधी पिन."

पाटलांनी डोळे मोठे केले. त्यांची मंडळी तिथेच, माळावर आलेली होती.

"तोंड उघडलं का हात बंद पडते," देवमनभाऊ म्हणाले. "मानूस एका वक्ती एकच काम करते. लय शिकलेला असन तं एकबी नाई करत."

हे बोलताना ते माझ्याकडे पाहत होते.

त्यांनी आम्हाला एवढं का छळावं, ते मी एकदा त्यांना विचारलं. ते वांग्यांना पाणी देत होते. आधी एक वाफा भरू दिला. मग म्हणाले, "एक पोट्टा होता. हुशार. सांधा बशवता बशवता सुट्टीचं बोलून राह्यला होता माह्यासंगं." पुढे पाण्याचा दांड पलीकडच्या वाफ्याला फोडला आणि विषय संपवला.

तर असं आमचं सुरू झालं. डॉक्टरांना ते सोपं गेलं. "दिवसभर लोक माझ्याकडे येऊन चूळ भरतात, आठवड्यातून एकदा मी भरली तर काय बिघडलं!" माझे मात्र हाल. बोलणं हा माझा धंदा आणि शौकही. पहिल्या रविवारी मी पाणी गिळलं. दुसऱ्या रविवारी पाटलांची पगडी वाऱ्याने उडाली आणि एका बैलाच्या शिंगात अडकली, ते पाहून माझ्या तोंडातला सगळा फवारा डॉक्टरांच्या पाठीवर गेला. देवमनभाऊंनी शांतपणे गडू पुढे केला. "पह्यल्यापासून." माझ्या एकट्याच्या तोंडासाठी त्या गडूत तीनदा पाणी भरावं लागे.

माळावर जमणाऱ्या लोकांमध्ये वेगळीच कथा पसरली. एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, कोनता देव हाय हा? गाल फुगवून पूजा करून राह्यले तुमी." दुसऱ्याने त्याला माहिती दिली, "देव नाई आबाजी, हे इमान थुकीवर उडते."

जोडून झालं की खरी परीक्षा. एकाने आत बसून दांडी हलवायची, आणि देवमनभाऊ बाहेर फळी दोन्ही तळव्यांत धरून ठेवायचे. आतल्याने ढकलायचं, बाहेरच्याने अडवायचं. "हलव! अजून! जोर लाव, रोटी खाल्ली ना सकाळी?" दोघांची ताकद मध्ये त्या सांध्यावर भांडायची, आणि सांधा टिकला की ते फळी सोडून म्हणत, "जोडेल हाय." रोखून न धरता नुसतं हलवून पाहणं त्यांना मान्यच नव्हतं. वाटी गोळीवर नुसती टेकलेली असली तरी दांडी हलवली की फळी हलतेच. हवेचा दाब पडेपर्यंत ती छान हलते. दाब पडतो तो हजार फुटांवर.

ही खोड माळापुरती राहिली नाही. कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर बसायच्या आधी तिची पाठ धरून खेचत. बाजारात काट्याला आधी हाताने लोंबकळत. आमच्या शाळेत एकदा मुलांना भाजीपाल्याची माहिती सांगायला आले, तर आधी फाटकाची कडी ओढून पाहिली, ती त्यांच्या हातात आली, आणि माहिती सांगायचं सोडून दोन तास ती बसवत बसले. मुलं जाम खूश. हस्तांदोलन केलं तर ते समोरच्याचा हात धरून थोडा मागे ओढत. आमचे मुख्याध्यापक त्या दिवशी त्यांच्या छातीवर येऊन पडले होते.

त्यांच्या मुलीला पाहायला मानोऱ्याकडचे लोक आले, तेव्हा मी मध्यस्थ होतो. मुलगा गोरागोमटा, नम्र, प्रत्येक गोष्टीला मान हलवणारा. मुलगी वाशीमच्या कॉलेजात शिकवते, लग्नानंतरही शिकवील, असं देवमनभाऊंनी सांगितलं. मुलाने मान हलवली. तिला वावरातलं काम येत नाही. मान हलली. ती सकाळी उशिरा उठते. हलली. मी तर टाळी वाजवायच्या बेतात होतो. देवमनभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली.

"अन् तुमची माय नाई म्हनली, तं?"

मुलाची मान अर्ध्यावर थांबली. त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. मान उलट्या दिशेने हलायला लागली.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, चांगलं स्थळ होतं. सगळ्याला हो म्हणत होता."

"हलत होता," देवमनभाऊ म्हणाले. "धरून पाह्यलं तं निखळला."

पुढच्या स्थळाच्या वेळी मुलाने "माय नाई म्हनली तं मी समजावून सांगीन, अन् नाईच आयकलं तं वाशीमात खोली करीन" असं उत्तर दिलं. आता तो त्यांचा जावई आहे आणि खुर्चीवर बसण्याआधी तीही ओढून पाहतो.

आता माझ्या लायकीचा प्रसंग सांगतो. तो टाळायचा माझा फार विचार होता.

मे महिना होता. पुण्याहून माझा मेहुणा आला होता. तो कुठल्याशा संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब. दर सुट्टीत येऊन तो मला माझी जागा दाखवून जातो. या वेळी मी ठरवलं, याला ग्लायडरमध्ये बसवायचं. डॉक्टर उडवणार, हा पुढच्या आसनात, आणि शेपूट कुणी जोडलं? तर भाऊजींनी. पुण्याला परतताना हा माणूस नरम झालेला असेल.

त्या दिवशी तार रिळावर गुंतली, म्हणून देवमनभाऊ सकाळीच माळाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. जाताना गडू डॉक्टरांच्या गाडीच्या बोनेटवर ठेवून गेले. आम्ही तिघांनी तोंडं भरली आणि आपापल्या जागी वाकलो. मेहुणा मोबाइल धरून माझ्यामागे उभा.

"भाऊजी, हे तुम्ही जोडता? ताई तर सांगते, तुम्हाला मिक्सरचं भांडंसुद्धा नीट बसवता येत नाही."

मी गाल फुगवून सहन केलं. वाटी गोळीवर ठेवली.

"काय हो, बोलत का नाही? दातदुखी?"

तेही सहन केलं.

"बरं, तुम्ही विज्ञान शिकवता ना? इंजिन नाही, तर मग हे वर राहतं कसं? का तुम्हालाही माहीत नाही?"

आता हे मात्र फार झालं. मी पाणी गिळलं. घटाघट. आणि बोललो. पंखाचा आकार, हवेचा दाब, तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, घारी, गिधाडं. मध्येच पतंगाचं उदाहरण, मग माझ्या एका हुशार विद्यार्थ्याची गोष्ट. दहा मिनिटं तरी बोललो असेन. मेहुणा खरंच ऐकत होता, अकरा वर्षांत पहिल्यांदा. बोलता बोलता मी शेपटावरचं छोटं झाकण लावलं आणि हात झटकले. झालं.

डॉक्टर आत बसले, त्यांनी दांडी हलवली, मी शेपटाची फळी पाहिली. वर, खाली, वर, खाली. लाडात आलेल्या कुत्र्याच्या शेपटासारखी. "हलतंय!" मी ओरडलो. मेहुण्याला पुढच्या आसनात पट्ट्यांनी बांधलं. त्याने माझ्याकडे अंगठा वर केला. आयुष्यातला माझा सगळ्यात मोठा मान होता तो.

तेवढ्यात लुनाचा आवाज आला. देवमनभाऊ घामाने निथळत होते. त्यांनी ना ग्लायडरकडे पाहिलं, ना आमच्याकडे. जमिनीकडे पाहत ते डाव्या पंखापासून चालत आले. तिथे मुरमाच्या धुळीत थुंकीची एक खळगी होती. उजव्या पंखाखाली एक. मग शेपटाकडे आले आणि थांबले.

"मास्तर, तिसरी कुठी हाय?"

"काय तिसरी?"

"खळगी. तुमी थुकले कुठी?"

पुढच्या आसनातून मेहुणा मान वळवून पाहत होता. माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं, ते पाणी असतं तर बरं झालं असतं.

"थुंकलो ना," मी म्हणालो. "ऊन किती आहे, भाऊ. वाळलं."

देवमनभाऊंनी डाव्या पंखाखालची खळगी पाहिली. उजव्याखालची पाहिली. दोन्ही केव्हाच वाळल्या होत्या, पण धुळीत त्यांची कडा अजून उभी होती. वाळतं ते पाणी, खळगी राहते. नववीचा मास्तर हे विसरला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"वाळलं असन," ते म्हणाले. "धरून पाहू."

डॉक्टर वैतागले. "देवमनभाऊ, मी आत्ताच पाहिलं. हलतंय की!"

"हलते तं डॉक्टरसायब. कुत्र्याचं शेपूट बी हलते, म्हून का थे तुमच्या हातात असते?"

त्यांनी शेपटाची फळी दोन्ही तळव्यांत धरली. "हं. ढकला."

डॉक्टरांनी दांडी पुढे ढकलली. फळी देवमनभाऊंच्या हातात जागची हलली नाही. दोन क्षण ताण. मग शेपटाच्या पोटात कुठेतरी 'टक' असा आवाज झाला. अगदी बारीक. चहाच्या कपाला चमचा लागावा तसा. आणि आतली दांडी, जिने एवढं मोठं धूड वर-खाली करायचं, ती डॉक्टरांच्या हातात लोळागोळा होऊन पुढे गेली आणि तिथेच पडून राहिली.

मी शर्टाच्या खिशात हात घातला. खडूच्या तुकड्याशेजारी पिन होती.

पुढच्या आसनात बसलेल्या माणसाला काय झालं ते कळलं नव्हतं. "काय झालं? निघायचं ना?" असं तो विचारत होता. माझ्या बायकोचा तो एकुलता एक भाऊ. मी शेपटाला धरून खाली बसलो.

देवमनभाऊ आता मला फाडून खाणार, असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. त्यांनी बोनेटवरून गडू आणला, माझ्यासमोर धरला.

"घ्या मास्तर. पह्यल्यापासून."

"भाऊ, शेपूट तुम्ही जोडा. मी नाही."

"काहून? शेपूट तुमचंच हाय. आता तुमच्यापेक्षा चांगलं कोनी नाई जोडनार."

आणि त्यांनी सगळं ग्लायडर सोडवायला लावलं. दोन्ही पंखसुद्धा. डॉक्टरांनीच पहिला पंख उतरवला. दुपार टळल्यावर मेहुणा उडाला. खाली आल्यावर त्याने मला मिठी मारली आणि माझ्या पायाशी ओकला. पुण्याला जाऊन तो सगळ्यांना सांगतो, "भाऊजींनी जोडलेल्या विमानात बसलोय मी." खरं काय झालं, ते मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

मी खोटं बोललो होतो, हे देवमनभाऊंना ठाऊक होतं. मला हे ठाऊक होतं, की त्यांना ठाऊक आहे. पुढे इतके रविवार आम्ही बरोबर काढले, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही. डॉक्टरांसमोर नाही, पाटलांसमोर नाही, एकट्यातही नाही. मी मात्र दर रविवारी शेपटाखाली एवढी मोठी चूळ टाकत असे, की पाटील म्हणत, "मास्तर, तिथं सांबार टाका, उगवन."

मग डॉक्टरांच्या नजरेनं दगा दिला. वैमानिकाच्या तपासणीत ते नापास झाले, आणि आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला उडवता येत नव्हतं. मागच्या थंडीत ग्लायडर घ्यायला दूरच्या एका क्लबातून तिघे जण आले. तुरीवर अळी पडेल असं आभाळ होतं, दोन दिवसांत सूर्य दिसला नव्हता. त्यांना वाटलं, ट्रॉली जोडायची आणि निघायचं. देवमनभाऊ म्हणाले, "आंधी जोडून दाखवा." त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गडू पुढे आला. तोंडं भरली गेली. तिसऱ्याला सगळं तीनदा करावं लागलं. त्याला वारंवार फोन येत होते. त्याने शेवटी फोन माझ्याकडे दिला आणि मी तो बंद केला. मग धरून, ढकलून, "जोडेल हाय" झाल्यावर सगळं पुन्हा सोडवून ट्रॉलीत गेलं.

जीपला ट्रॉली अडकवायची मोठी पिन देवमनभाऊंनी कुणाला लावू दिली नाही. नव्याने भरून घेतलेला गडू त्यांनी तोंडाला लावलेला मी पाहिला. मग ते वाकले, पिन घातली, दोनदा ओढून पाहिली आणि सरळ उभे राहिले. पाहुण्यांनी हात पुढे केला, त्यांनी तो धरून थोडा मागे ओढला. डॉक्टर काहीबाही बोलत होते, आभार, आठवणी. देवमनभाऊ नुसते मान डोलवत होते. जीप माळावरून डांबरी रस्त्याला लागली, मालेगावच्या बाजूला वळली, एका एसटीच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. तरी ते तिकडेच पाहत उभे.

"भाऊ, चला," मी म्हणालो.

उत्तर नाही. मला वाटलं, तोंडात पाणी असेल अजून. थुंकायचं विसरले असतील. मी सवयीने खाली पाहिलं. जिथे ट्रॉलीचा हुक होता तिथली धूळ सपाट होती. थोडं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. टायरचे माग होते, चपलांचे होते. खळगी कुठेच नव्हती. गडूत डोकावलो. तो काठोकाठ भरलेला होता.

"भाऊ," मी हळूच विचारलं, "तुमची चौथी कुठं आहे?"

त्यांनी घसा साफ केला. दोनदा करावा लागला.

"थुकलो ना," ते म्हणाले. "ऊन पाहा ना केवढं हाय. वाळलं."

मी वर पाहिलं. आभाळ गोधडीसारखं डोक्यावर आलं होतं, आणि गारठ्याने डॉक्टरांनी मफलर कानांवर ओढला होता.

"वाळलं असन, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी गडू हँडलला टांगला, लुनाला दोन्ही हातांनी एक हिसका देऊन पाहिला, आणि वांग्यांना पाणी द्यायला निघून गेले.